इंजिन माझ्यासमोर उघडायचं

आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातून झाड उगवलेलं पाहिलं तेव्हा मला कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं झालं. झाड म्हणजे रोपटं नाही. माझ्या मनगटाहून जाड खोड, चाकाच्या भोकातून वाट काढत वर गेलेलं, वर पानांचा पसारा आणि त्यात कावळ्याचं घरटं. आणि हे कुठे, तर माझ्याच माहेरच्या अंगणात. दर दिवाळीला मी तिथे जात होते, ओटीवर बसून फराळ करत होते, आणि एवढं झाड वाढेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. त्या कोपऱ्याकडे बघायचंच नाही, अशी आमच्या घरातल्या सगळ्यांच्या मानेला सवय लागली होती.

ही सवय कशी लागली ते आधी सांगायला हवं.

खरवईत आमची भातशेती होती. माझे बाबा आणि मोठे काका, दोघे भाऊ, एकाच घरात राहायचे. ऐंशीनंतर लवकरच कधीतरी दोघांनी मिळून ट्रॅक्टर घेतला. लालभडक. जुनाच होता, दुसऱ्याने वापरलेला, पण गावात तोवर कुणाच्या दारात ट्रॅक्टर नव्हता, त्यामुळे लोक नुसते बघायला यायचे. बायका पाणी भरून जाताना हंडा कमरेवर घेऊन थांबायच्या. काकांना चालवायची हौस आणि बाबांना राखायची. रोज सकाळी तेल बघणं, गाळण्या धुणं, चाकांतला चिखल काठीने काढणं हे बाबांकडे, आणि पुढे सीटवर छाती काढून बसणं काकांकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण दोघांच्या स्वभावाला बरोबर बसलं होतं.

मग एका पावसाळ्यात, चिखलणीच्या दिवसांत दोघांचं वाजलं. काकांनी ट्रॅक्टर आधी सासुरवाडीच्या शेतात न्यायचा शब्द देऊन टाकला होता, आणि बाबांचं म्हणणं, आपले आवण, म्हणजे भाताची रोपं, तयार आहेत, घरचं सोडून आधी बाहेरचं कसं? भर अंगणात, बायकापोरांसमोर, दोघे एकमेकांना नको ते बोलले. दुसऱ्या दिवशी काका हट्टाने ट्रॅक्टर घेऊन गेलेच. चिखलात दोन फेरे झाले, इंजिन खडखडलं आणि जागेवर बसलं. बैल लावून ट्रॅक्टर अंगणात ओढून आणला आणि बदलापूरहून मिस्त्री बोलावला. त्याने काही उघडलं नाही, हँडल फिरवून बघितलं, ते फिरेना, तेव्हा म्हणाला, "तेल वर पोचलेलंच नाय. इंजिन कोरडं चाललंय." आणि हात पुसून गेला.

काकांनी तेल मोजायची पट्टी ओढून बघितली तर तेल भरपूर. दुसरा कुणी असता तर इथे थांबून विचार केला असता. काकांनी अर्ध्या मिनिटात निकाल दिला: ह्याने काल रागात तेल काढून टाकलं आणि आता इंजिन बसल्यावर गुपचूप परत भरलं. तेलाचं खातं बाबांचं होतं, भांडण आदल्या दिवशीचं होतं, झालं.

बाबा म्हणाले, "मी तेल काढलं नाय."

"तुळशीवर हात ठेव आणि बोल," काका म्हणाले.

"नाय ठेवणार. बोललो तेवढं पुरं."

माझ्या बाबांचा हा ताठा मला आजही कळत नाही. हात ठेवला असता तर काय हाताला फोड येणार होते? पण नाही ठेवला, आणि त्या न ठेवलेल्या हातावर आमचं घर फुटलं. वाटणी झाली. ओटीच्या मधोमध भिंत आली. शेतं वाटली, भांडी वाटली, म्हशी वाटल्या. ट्रॅक्टर तेवढा सामायिक राहिला, कारण तो दोघांनाही नको होता आणि दुसऱ्याला मिळालेलाही नको होता. बाबा म्हणत, इंजिन उघडा म्हणजे कळेल. काका म्हणत, उघडण्याच्या नावाखाली तो पुरावा पुसणार. म्हणून कुणीच उघडलं नाही, आणि लाल ट्रॅक्टर ऊनपावसात उभा राहिला.

या सगळ्यात बाबांच्या बाजूने एकच माणूस ठामपणे उभं होतं, ते म्हणजे माझी आई. गावाला काकांचं पटलं होतं. खरं सांगायचं तर मलाही कधीकधी शंका यायची, बाबा रागात काहीही करू शकले असते. आईला कधी आली नाही. "माझा माणूस खोटं बोलत नाय," हे वाक्य तिने विहिरीवर, लग्नात, बारशात, रेशनच्या रांगेत, जिथे विषय निघेल तिथे सुनावलं. काकूशी तिचं बोलणं बंद झालं. काकांच्या मुलाचं लग्न भिंतीपलीकडे लागलं, मांडवातल्या अक्षता उडून आमच्या ओटीवर पडल्या, आणि माझी आई दार लावून आत भाकऱ्या थापत बसली. बाबा मांडवाकडे तोंड करून बसले होते. तिने तेवढंही केलं नाही.

माझं लग्न होऊन मी अंबरनाथला आले. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मला नोकरी होती, म्हणजे बेअरिंग, वॉशर आणि पट्टे यांच्यात माझा दिवस जायचा. नवरा एमआयडीसीतल्याच दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्सला. त्याला गंजलेलं लोखंड दिसलं की चैन पडत नाही. लोक रस्त्यातल्या मांजराच्या पिलाला घरी आणतात, हा पंप आणायचा. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा नव्हती.

नव्वदनंतर खरवईकडे बिल्डर आले. रस्त्याकडेची जमीन आणि आमचं अंगण असं मिळून द्यायचं ठरलं. वाटणीनंतर दोन्ही भाऊ एकाच बाजूने बोलले ते ह्या एका गोष्टीत, आणि तेही तलाठ्याच्या मार्फत. बिल्डरच्या माणसाने सांगितलं, अंगण मोकळं करून द्या, त्या ट्रॅक्टरच्या डब्यासाठी भंगारवाल्याला सांगतो, तो जागेवरच कापून नेईल. हे ऐकून आम्ही दोघे खरवईला गेलो आणि मी ते झाड पाहिलं.

नवरा तर ट्रॅक्टरभोवती फिरून फिरून वेडा झाला. बॉनेटखाली मुंग्यांचं वारूळ, सीटच्या जागी नुसती स्प्रिंग, पत्रा हात लावला की पापुद्र्याने सुटत होता. कुणीही म्हणालं असतं, कापा. हा म्हणाला, "बॉडी जाऊ दे, पण इंजिन बंद आहे आतून. कुणी उघडलेलंच नाही. जसं बसलं तसंच आहे."

त्याला हे यंत्रासाठी म्हणायचं होतं. माझ्या मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला ट्रॅक्टर नको होता. मला ते इंजिन उघडून हवं होतं. आत काय बिघडलंय ते एकदा चारचौघांत दिसलं की माझ्या बाबांवरचा डाग जाईल, ह्या एकाच विचाराने मी भिंतीला वळसा घालून काकांच्या ओटीवर गेले. वाटणीनंतर पहिल्यांदा.

काका बसले होते. खूप थकले होते, हे मला भिंतीपलीकडून कधी दिसलं नव्हतं. मी सांगितलं, आम्ही ट्रॅक्टर नेतो, दुरुस्त करतो. मला वाटलं होतं, अंगावर येतील. ते म्हणाले, "न्या. पण इंजिन माझ्यासमोर उघडायचं. मी आल्याबिगर एक नट काढायचा नाय. मला बघायचंय त्यानं काय केलं ते."

एवढ्या वर्षांत त्या माणसाची धग तेवढीच होती. मी चाट पडले.

आईला सांगितलं तर ती बाबांकडे बघून म्हणाली, "उघडा ना! भर बाजारात उघडा. मी पण येनार. बघू दे त्यांना." बाबा पानाला चुना लावत राहिले.

एका रविवारी नवऱ्याच्या कंपनीतले शिफ्ट संपवून आलेले चार-पाच जण, एक लॉरी, साखळ्या आणि फळ्या असा सगळा लवाजमा खरवईला आला. आधी झाड तोडलं. मग चाकं खणून काढली, ती निम्मी मातीत गेली होती. टायर हाताने सोलून निघाले. बाबा अंगणाच्या एका टोकाला उभे, काका दुसऱ्या. दोघेही त्या पोरांना सूचना करत होते आणि दोघांच्या सूचना एकमेकांच्या विरुद्ध होत्या. बाबा म्हणाले डावीकडून साखळी घाला, की काका कुणाकडेही न बघता हवेत म्हणायचे, "डावीकडून घातली तर उलटंल." पोरं हैराण झाली. लॉरीने पहिला ताण दिला, ट्रॅक्टर कण्हल्यासारखा वाजला आणि हलेना, तेव्हा दोन्ही टोकांकडून एकाच क्षणी ओरडणं आलं, "गिअर बघा, गिअर!" दोघांनी दचकून एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच माना फिरवल्या. गिअर खरंच पडलेला होता.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये डिझेल इंजिनांचं काम करणारा एक सिंधी मिस्त्री नवऱ्याच्या ओळखीचा होता. बाजाराच्या मागच्या बोळात त्याचं वर्कशॉप. वर लोखंडी तुळईला चेन पुली, खाली तेलाने काळी पडलेली जमीन, एका बाजूला देवाची तसबीर आणि तिला तेवढा स्वच्छ हार. बदलापूर, अंबरनाथ करत लॉरी तिथे पोचली तोवर रस्त्यातली माणसं आमच्याकडे आम्ही कुणाचं प्रेत नेत असल्यासारखी बघत होती. मिस्त्रीने ट्रॅक्टर पाहिला आणि कपाळाला हात लावला. "साईं, ये क्या उठा के लाये हो? इसको तो पहले नहलाना पडेगा."

पुढच्या रविवारी इंजिन उघडायचं ठरलं. सगळे आले. काका मुलाच्या स्कूटरवरून आले, मुलगा त्यांना सोडून बाजारात गेला. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. थोरले दीर समोर म्हणून तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि एका उलट्या खोक्यावर बसली, मांडीवर डबा. एवढ्या वर्षांनी कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागणार अशा थाटात ती बसली होती. बाबा तिच्या मागे उभे. काका समोर, हाताची घडी. मी आणि नवरा मध्ये.  मला एकच भीती होती, की काकांचं खरं निघालं तर?

मिस्त्रीने इंजिन साखळीवर उचललं आणि खालून तेलाचं चेंबर सोडवायला घेतलं. नट गंजले होते, एकेक करून कुरकुरत निघाले. चेंबर खाली आलं. आत घट्ट काळं तेल, डांबरासारखं.

"तेल हाय," बाबा शांतपणे म्हणाले.

"मागनं भरलेलं," काका म्हणाले.

मिस्त्रीला यातलं काही कळत नव्हतं. तो खाली वाकून आत हात घालून चाचपत होता. ज्या जाळीतून पंप तेल ओढतो ती जाळी त्याने सोडवून बाहेर काढली, चिंधीने पुसली, उजेडाकडे धरली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने चेंबरच्या तळातून बोटाने गाळ उपसला, बोटांवर चोळला, हुंगला. मग आमच्याकडे बघून ओरडला, "अरे साहब! इसमें तो अचार पडा है!"

आम्ही पुढे झालो. जाळीवर तेलाने काळे झालेले बारीक गोल दाणे घट्ट बसले होते, एकाशेजारी एक, सुईला जागा नाही असे. मोहरी. गाळात आणखी मूठभर मोहरी, खडे मिठाचे गोळे, आणि सुक्या मिरच्यांची देठं. अख्खी देठं. मला काही सुधरेना. इंजिनात मोहरी? हे कुणी, का टाकेल? काकांच्या चेहऱ्यावरही तेच. तेल काढल्याचा आरोप त्यांनी इतकी वर्षं सांभाळला होता आणि त्यात मोहरीला कुठे जागाच नव्हती.

"राई, नमक, मिरची," मिस्त्री म्हणाला. "ये किसने डाला?"

तेवढ्यात माझ्या मागून हसू आलं. आई उठून पुढे आली होती. पदर सावरत तिने त्या जाळीकडे वाकून बघितलं आणि तिचा चेहरा असा फुलला, की तो फुललेला चेहरा आठवला तरी मला आज धस्स होतं.

"अगं बाय! ही माजी मव्हरी! अजून हाय की!"

 ती माझ्याकडे वळून सांगू लागली, काका समोर आहेत हे विसरून, अगदी कौतुकाने.

"दर अवसेला मी याची दृष्ट काढायची. सगळा गाव टकमक बघायचा ना त्याच्याकडं. मानसाची दृष्ट काढली की मीठमव्हरी चुलीत टाकायची. याला चूल कुठं? मी तुझ्या बाबांना इचारलं, याला जाळ कुठं असतो? तर ते म्हनाले, आत. आनि तेल घालायचं झाकन मी रोज बघायची. जिथं तेल घालतात तिथंच जाळ असनार, समईला नाय का? मग हे देवळात गेले की त्यात टाकायची. कशी तडतड वाजायची माहीत हाय? लय नजर होती त्याला."

आणि मग, सगळ्यांवरून नजर फिरवून: "म्हनूनच तर तेवढी वर्सं चालला."

मी स्टोअरमध्ये काम करणारी बाई. तेलाची जाळी बुजली तर तेल वर चढत नाही आणि इंजिन कोरडं चालतं, हे मला मिस्त्रीने सांगायची गरज नव्हती. नवऱ्यालाही नव्हती. काकांनाही नव्हती, त्या ट्रॅक्टरवर त्यांनी वर्षं काढली होती. त्यांचे हात घडीतून सुटून खाली लोंबले होते. फक्त तिला एकटीला कळलेलं नव्हतं. ती तिथे उभी होती, हसत, काळ्या तेलात बुडालेली आपली माया आम्हाला दाखवत.

मिस्त्री म्हणाला, "माँजी, अरे इसी ने तो..."

"मोहरीनं काय होतंय?" बाबांचा आवाज आला. एवढा मोठा, की बोळातला कुत्राही उठला. "मोहरीनं काय व्हायचं नाय. तेल मी काढलं होतं."

मी वळले. बाबा काकांकडे बघत होते, थेट, वाटणीनंतर पहिल्यांदा नजर न फिरवता.

"दादा, तू बोलला ते खरं होतं. रागात काढलं. तू चिखलातून घरी आल्यावर परत भरलं."

माझ्या तोंडातून "बाबा!" एवढंच निघालं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या पाहण्यात इतकी जरब होती, की मी लहान असते तर पळून गेले असते. नवऱ्याने मिस्त्रीचा दंड धरून ठेवला होता. ज्या माणसाने एका तुळशीच्या रोपावर हात ठेवून खरं सांगायचं नाकारलं होतं, ज्याने त्यापायी घर, भाऊ, गाव सगळं जाऊ दिलं होतं, तो माणूस भर वर्कशॉपमध्ये खोटं बोलत होता, आणि किती सरळ बोलत होता! जणू कित्येक वर्षं पाठ केलेलं. पाठ कसलं, डोक्यात ते येऊन एक मिनिटही झालं नव्हतं.

काकांना सगळं कळलं होतं. ते एकदा जाळीकडे बघत, एकदा भावाकडे.  मला वाटलं, आता हे बोलतील, आता सगळं फोडतील. आमच्या घराण्याला तोंड आवरायची सवय नाही. पण ते बोलले नाहीत.

आणि मी आईकडे पाहायचं विसरलेच होते.

तिचं हसू अजून पुरतं गेलंही नव्हतं, ओठांवर तसंच अर्धं राहिलं होतं. ती बाबांना म्हणाली, अगदी हळू, "तुमी काढलं होतं?"

"होय."

"मला बोलला होता, नाय काढलं."

"बोललो होतो."

"मी अख्ख्या गावाला सांगत फिरले."

 बाबा पायाजवळचा एक नट उचलून पुसू लागले. आई थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, अनोळखी माणसाकडे बघावं तशी. मग तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, काळ्या तेलकट जमिनीवरून ठेवणीतल्या लुगड्यानिशी चालत गेली आणि काकांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"भावजी, आमचं चुकलं. तुमच्या घरी लगीन झालं, मी दार लावून बसले. माफ करा मला."

काकांनी पाय मागे ओढले. मागे भिंत होती, जायला जागा नव्हती. त्यांचे डोळे आईच्या डोक्यावरून बाबांकडे लागले होते आणि बाबा मान हलवून त्यांना नको, नको म्हणत होते. शेवटी काकांनी तिच्या डोक्यावरच्या पदराला स्पर्श केला आणि म्हणाले, "ऊठ पोरी. झालं ते झालं." ती निष्पाप बाई गुन्हेगारासारखी पायाशी, आणि तिला माफी देणारा माणूस स्वतः तोंड लपवायला जागा शोधतोय. हे बघून मला रडू आलं की राग आला ते सांगता येत नाही. मी बोळात निघून गेले आणि एका कापडाच्या दुकानासमोर उगाच उभी राहिले.

ट्रॅक्टर दुरुस्त झाला. क्रँक घासून घेतला, बेअरिंग बदलली, पत्रा नवा घडवला, लाल रंग दिला. सगळं जमायला बरेच महिने गेले, कारण जुने भाग कुठे मिळत नव्हते आणि नवऱ्याला दुसरं काही बसवायचं नव्हतं. मिस्त्रीने मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "भाभी, तेल निकालने से राई अंदर थोडी आती है? बाबूजी झूठ क्यों बोले?" मी त्याला सांगितलं, आमच्या घरचं आहे, सोडून द्या. त्याने सोडून दिलं, पण ती जाळी त्याने फेकली नाही, बरेच दिवस खिडकीत होती.

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा काका सीटवर आणि बाबा खाली उभे होते. पुढे दोघांचं जाणंयेणं सुरू झालं. संध्याकाळी एकाच ओटीवर बसायचे. काकूने आईला हाक मारली, आईने ओ दिली. गावाच्या दृष्टीने सगळं छान झालं. जो डाग जायला हवा होता तो काही गेला नाही, उलट बाबांनी स्वतःच्या हाताने त्यावर शिक्का मारला होता, आणि घर मात्र जुळलं. याला काय म्हणायचं?

एकदा मी बाबांना एकटं गाठून विचारलंच. का केलंत असं? ते म्हणाले, "तिला कळलं असतं तर ती जगली असती का गं? घर मी मोडलं असं लोकांना वाटलं तरी मला झोप येते. तिला नसती आली." आणि मग नेहमीसारखं पानाला चुना लावू लागले. पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत, मलाही बोलू दिलं नाही.

आई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती वेळेवर जेवण वाढायची, दुखलंखुपलं बघायची. फक्त "माझा माणूस खोटं बोलत नाय" हे वाक्य घरातून गेलं. बाबा म्हणाले पाऊस येईल, की ती बाहेर जाऊन स्वतः आभाळ बघायची. बाबा म्हणाले पोस्टमन आला नाही, की ती शेजारी विचारायची. रागाने नाही, सवयीने. बाबा तिच्याकडे बघत आणि किंचित हसत. मला ते हसणं सहन व्हायचं नाही, मी उठून आत जायचे.

तिच्या शेवटच्या आजारपणात मी रजा घेऊन खरवईला राहिले होते. रात्रंदिवस बाबाच तिच्याजवळ असायचे. तिला उठवून बसवणं, पाणी पाजणं, गोळ्या देणं, सगळं त्यांनी हातात घेतलं होतं, मला करू देत नव्हते. एका दुपारी मी आत गेले तर बाबा तिच्या उशाशी बसून तिचं कपाळ चेपत होते. ते म्हणाले, "दुपारची गोळी दिलीय मी तिला."

आईने डोळे उघडले. त्यांच्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "खरंच दिलीय का गं?"

बाबांचा हात तिच्या कपाळावर तसाच होता.

"दिलीय," मी म्हणाले.